नोंदवहीतली तेविसावी ओळ

मखमलाबाद रोडला आमची इमारत,
मागे द्राक्षाची बाग, पुढे वेल्डिंगचं दुकान.
बावीस म्हातारी माणसं, वहीत बावीस ओळी :
बीपी, साखर, झोप, भूक, शौच, मूड.
मूडचा रकाना पुण्याच्या साहेबांनी वाढवला.
आम्ही त्यात 'बरा' लिहितो,
कारण दोन अक्षरांत रात्र उरकते.

त्या गुरुवारी सकाळी सहाला
मी रात्रपाळीची वही तपासायला घेतली.
बाविसावी ओळ दगूबाबा खैरनार. त्यावर आडवी रेघ.
पावणेतीनला गेले.
नाशिकरोडच्या मुलाला फोन लावला होता,
तो म्हणाला, उजाडल्यावर बघतो.
आणि त्याखाली, वेगळ्या शाईत,
तेविसावी :

प्रमिला निरभवणे. वय एकेचाळीस.
झोप : नाही.
भूक : चहा.
मूड :
इथे पेन नुसतं टेकवून धरल्याचा ठिपका,
मागच्या पानावर उमटलेला.

अशा वेळी काय करायचं, ते मला शिकवलेलं आहे.
त्र्यंबक रोडच्या हॉलमध्ये, जेवणासकट.
डोळे मिटून दहा श्वास, आणि जाताना एक पत्रक :
'स्वतःसाठी वेळ काढा.'
प्रमिलाने ते चार घड्या घालून
डुगडुगणाऱ्या खाटेच्या पायाखाली सारलं.
खाट तेव्हापासून हललेली नाही.

ती सापडली गच्चीवर, चादरी धूत.
पारा आठवर, बोटं लालबुंद.
म्हटलं, घरी जा.
म्हणाली, बस नाहीये.
बस होती. दोघींनाही ठाऊक होतं.

मग म्हणाली,
'त्यांनी माझा अंगठा धरला होता, ताई.
गेल्यावरही सोडला नाही. मी सोडवला,
एकेक बोट, झोपलेल्या लेकराचं सोडवतात तसं.
आणि मला रडू आलं नाही.
आधीच्या सात जणांच्या वेळी आलं होतं.
माझं काही बिघडलंय का?'

खाली दुकानाचं शटर वर गेलं.
तिथल्या पोराने तोंडापुढे काळी काच धरली.
उघड्या डोळ्यांनी ठिणगीकडे बघायचं नाही,
हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा.
आमच्या धंद्यातला पहिला धडा :
हसतमुख राहा.

मला उत्तर आलं नाही.
मी चादरीचं दुसरं टोक धरलं
आणि पीळ द्यायला लागले,
ती डावीकडे, मी उजवीकडे.
पाणी संपलं तरी आम्ही पिळतच होतो.

दोन रात्रींची सुट्टी दिली तिला, पगार न कापता.
ट्रस्टी म्हणाले, मग सगळ्याच मागतील.
म्हटलं, मागू द्या.

आता सोमवारी दुपारी
औषधांच्या कपाटामागच्या खोलीत पाऊण तास दार बंद.
बेल वाजली तर मी उठते, त्या नाही.
कुणी बोलतं, कुणी भिंतीला टेकून झोपतं,
कौसाबाई आहेर नुसत्या शेंगा सोलतात.
पंधरवड्याने पंचवटीतून एक समुपदेशक बाई येतात,
वही आणत नाहीत, हे बरं.

एवढ्याने भागत नाही, मला कळतं.
अकरा हजारांत महिना काढणारीला
श्वास मोजायला सांगताना माझी जीभ अडखळते.
आणि माझी स्वतःची ओळ?
ती मी अजून लिहिलेली नाही.

दगूबाबांच्या खाटेवर सिन्नरच्या एक आजी आल्यात.
त्यांनाही अंगठाच लागतो.

काल सकाळी वहीत, तेविसाव्या ओळीवर :
झोप : चार तास.
भूक : मिसळ, पाव दोन.
मूड : 'बरा' लिहून खोडलेलं,
आणि पुढे, रकाना ओलांडून, समासात घुसलेलं,
'आज रडले. बसमध्ये, अशोकस्तंभापर्यंत.
कंडक्टर पुढे गेला, तिकीट नंतर मागितलं.'

मी खाली तारीख घातली
आणि तपासल्याची सही केली.